माझ्या शब्दावर भरलेली ओटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्या माझ्या नवऱ्याला तर नाहीच नाही. मी हे लिहितेय तेव्हा तो बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून शेंगदाणे खातोय आणि बातम्यांवर खेकसतोय. धडधाकट आहे. हे आधीच सांगून ठेवते — कारण पुढे मी त्याला मारणार आहे.

दचकलात? दचका. नाक मुरडायचं असेल तर तेही आत्ताच उरकून घ्या. मी काही पदर पसरून बसलेली नाही. सांगायचं आहे म्हणून सांगतेय. तुम्ही आपलं शेजारी बसल्यासारखे बसा आणि ऐका.

मी गिरगावातली, फणसवाडीतली. लग्न होऊन आले ती याच दोन खोल्यांत. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, केतकीला वाढवली, शिकवली, तिचं लग्न करून दिलं. वाडीत माझं नाव जरा तिखटच आहे. वटपौर्णिमेला मी कधी वडाला दोरा गुंडाळला नाही — सासूबाई होत्या तेव्हाही नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, सात जन्म कसले, हा एक निभावतेय ते पुष्कळ झालं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला ते हसणं आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तर — फोटो. आमच्या लग्नाला तीस वर्षं होणार होती. केतकीने ठरवलं की छोटा हॉल घ्यायचा, जवळची माणसं बोलवायची आणि दारात आईबाबांचा लग्नातला फोटो मोठा करून लावायचा. अल्बम होता माळ्यावर ट्रंकेत, आणि वरच्या मजल्यावरची मोरी गळते ती नेमकी त्याच ट्रंकेवर. उघडून बघितलं तर पानं एकमेकांना चिकटलेली. हार घातलेला एकच फोटो त्यातल्या त्यात बरा निघाला. त्यात मी ठीक. श्रीकांतच्या चेहऱ्यावर मात्र बुरशी — डावा गाल, डोळा, अर्धी मिशी, सगळं खाल्लेलं. ठाकूरद्वारच्या फोटोवाल्याने चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाला की मॅडम, चेहराच राहिला नाही तर मी काय करणार, दुसरा द्या. दुसरा असता तर त्याच्याकडे कशाला गेले असते?

मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की संपलं. केतकीने तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फोटो दुरुस्त करायचं. लोकांनीच मिळून बनवलेलं, कुणालाही वापरता येतं. त्याचा फोनवर एक ग्रुपही होता, सगळी मराठी माणसं, अडलं की एकमेकांना विचारायचं. मला त्यात घातलं आणि ती गेली डोंबिवलीला, आपल्या घरी.

आता तुम्हीच सांगा, मला काय कळणार होतं? मी विचारलं, माणसाच्या चेहऱ्यावरची बुरशी कशी काढायची? तर गणपती तोंडावर आलेले. ग्रुपातले निम्मे लोक मंडळांचे बॅनर करण्यात बुडालेले. कुणीतरी 'लेअर डुप्लिकेट करून घ्या' एवढं लिहिलं आणि गुल. लेअर म्हणजे काय, ते कुठे असतं, डुप्लिकेट करून त्याचं काय करायचं — पुन्हा विचारलं, कुणी ढुंकून बघितलं नाही. माझा प्रश्न वर वर सरकत दिसेनासा झाला.

त्याच दिवशी कुणा एकाने लिहिलं, काल बाबा गेले, फोटो फाटलाय, दहाव्याला लावायचाय. आणि काय सांगू, अख्खा ग्रुप हातातलं टाकून धावला! एकाने फाटलेला भाग जोडला, एकाने रंग सुधारले, एकाने मागची भिंत पुसून निळं आकाश घातलं. बॅनरवाले, लग्नपत्रिकावाले, सगळे. त्या ग्रुपात हा नियमच होता, कुणी लिहून ठेवलेला नसला तरी — गेलेल्या माणसाचं काम आधी. चांगलाच नियम आहे. आपल्याकडे मयताला खांदा द्यायला अनोळखी माणूससुद्धा चप्पल काढून पुढे होतो, तसंच हे.

मी ते बघितलं आणि लिहिलं: 'माझे मिस्टर गेले. हा एकच फोटो आहे.'

झालं. एवढंच. असहाय होते का मी? छे. रागावले होते. जिवंत माणसाच्या बाईला विचारत नाही तर मेलेल्याच्या बाईला तरी विचाराल ना — असा राग. स्वयंपाकघरात बसून लिहिलं, आणि बाहेरून श्रीकांत विचारत होता, चहा होणारे का आज?

हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. 'ताई, धीर धरा.' 'ताई, काळजी घ्या, वेळेवर जेवा.' बघा हं — तीस वर्षांत मला कुणी 'तू जेवलीस का' विचारलं नव्हतं आणि इथे रत्नागिरीपासून नागपूरपर्यंतची माणसं विचारत होती. मी हसले. आणि ते मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचलेही. दोन्ही केलं, खरंच सांगते.

काम अंगावर घेतलं ते वंदनाने. करी रोडला राहायची. जुनी चाळ पडून तिथे टॉवर झाला, त्यात सासूबरोबर वरच्या मजल्यावर. दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. एकुलती मुलगी प्राची, लग्न करून परळला दिलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी अचानक गेलेला. त्याचा धड फोटोच नव्हता, होता तो कामावरच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो मोठा करायला याच ग्रुपने तिला शिकवलेलं. म्हणून तेव्हापासून असं काम आलं की ती म्हणायची, हे मी करते.

तिने श्रीकांतचा गाल बांधला. उजव्या गालाची चांगली कातडी उचलून डावीकडे लावली, उजवी मिशी उलटी करून डावी मिशी केली. पाठवायच्या आधी मला वेगळा मेसेज करून विचारलं — ताई, दादांचा एकट्याचा ठेवू, की तुमच्यासकट? हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवत नाहीत, म्हणून विचारलं. मी लिहिलं, दोघांचा ठेव. ती म्हणाली, बरं केलंत, मलासुद्धा तसाच हवा होता.

तो फोटो हॉलच्या दारात लागला. माणसं थांबून थांबून बघत होती. श्रीकांत स्वतःपुढेच उभा राहून म्हणाला, बघ, काय हिरो दिसायचो मी. जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. म्हणजे मी त्याचं भलंच केलं की नाही? मी त्या दिवशी हेच मनाशी म्हटलं आणि गुलाबजाम खाल्ला.

तिथेच थांबले असते तर हे सांगायला बसलेच नसते. पण मला शिकायचं होतं. आणि वंदना शिकवायची — स्क्रीनचा फोटो काढून त्यावर लाल गोल करून पाठवायची, ताई इथे दाबा, मग इथे. मी चुकायची, ती न कंटाळता पुन्हा पाठवायची. शिकता शिकता बोलणं सुरू झालं. तिचं खरं दुःख आणि माझं बनवलेलं. तिने सांगितलं की नवऱ्याची उशी अजून धुतलेली नाही. मग मीही काहीतरी सांगायला हवं होतं ना? मी सांगितलं, त्यांची छत्री अजून खिडकीला टांगलेली आहे. छत्री टांगलेली होतीच. श्रीकांत ती रोज घेऊन खाली जायचा.

मला विधवा असणं आवडायला लागलं होतं. घ्या, लिहून टाकलं. नवरा वाईट नाही माझा. दारू नाही, मारझोड नाही, पगार हातात आणून द्यायचा. पण त्या फोनमध्ये मी कुणाची बायको नव्हते. मी म्हणजे मी, आणि माझं बोलणं एक बाई कान देऊन ऐकत होती. याची लाज वाटत नाही मला. ज्याची वाटते ते पुढे आहे.

एकदा फोनवर बोलत असताना श्रीकांत शिंकला. त्याची शिंक म्हणजे वाडीच्या कोपऱ्यावर ऐकू जाते. वंदना म्हणाली, कोण हो? मी म्हटलं, दीर आलेत. इतकं पटकन तोंडातून गेलं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

मग एक दिवस तिने विचारलं, ताई, तुम्ही टिकली लावता का हो? सासू काही बोलत नव्हती, म्हणे, पण लिफ्टमधल्या बायका कपाळाकडे बघायच्या. मी लिहिलं, लावते. मोठी लावते. आणि तेवढ्यावर भागवलं का? नाही. गोष्ट रचली. म्हटलं, वाडीत हळदीकुंकू होतं, करंडा घेऊन फिरणारी बाई माझ्यापाशी आली आणि मला टाळून पुढे जायला लागली, तर मीच बोट घालून कुंकू घेतलं आणि लावलं, आणि म्हटलं, आता वाण दे. आणि तिने वाण दिलं. वंदनाला काय आनंद झाला! दुसऱ्या दिवशी टिकली लावून फोटो पाठवला. सुंदर दिसत होती. सल्ला काय चुकीचा होता का माझा? नव्हता. आजही छातीठोक सांगेन, नव्हता. कपाळ जिचं तिचं. पण मी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि तिला वाटत होतं मी तिच्या पुढे चालतेय.

त्यानंतर केतकीचं डोहाळजेवण झालं. वंदनाने विचारलं, ओटी कुणी भरली? मी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सगळं मीच घातलं तिच्या पदरात, तिच्या सासूच्या शेजारी उभी राहून. हे सगळं खरं होतं. खरं तेच मी सांगितलं. फक्त तिथे खुर्चीत बसून 'बासुंदी पातळ झालीय' म्हणणारा माझा नवरा सांगितला नाही.  वंदनाने लिहिलं, ताई, तुम्ही खरंच भरलीत? कुणी अडवलं नाही? मी लिहिलं, कुणाची टाप आहे? पुढे केतकीला मुलगा झाला, गोरागोमटा, सुखरूप. त्याचे फोटो मी वंदनाला पाठवत राहिले.

वर्ष सरलं, आणि तिच्या प्राचीला दिवस गेले. सातव्या महिन्यात परळच्या हॉलमध्ये डोहाळजेवण. प्राचीची सासू जुन्या वळणाची. आईने बाजूला बसावं, ओटी आत्याने भरावी असं तिने ठरवलेलं. वंदनाने मला काहीच विचारलं नाही. संध्याकाळी तिचा आवाज आला फोनवर रेकॉर्ड केलेला, मागे बायकांचा गलका, आणि ही धापा टाकत हसतेय: "ताई, भरली हां मी! टिकली लावून भरली. सगळ्या बघत राहिल्या. तुमच्या जिवावर भरली."

माझ्या जिवावर. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. अभिमानच वाटला मला. आपण एक बाई उभी केली, असं वाटलं.

थोड्याच दिवसांत प्राचीचं ब्लडप्रेशर वाढलं. पायांना सूज. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. होतं असं पुष्कळ जणींचं, गोळ्या देतात, लक्ष ठेवतात. पण प्राचीच्या सासूने एकच धरून ठेवलं — मी तेव्हाच म्हटलं होतं, हिने हात लावायला नको होता. वंदना लेकीला बघायला गेली तर दारातच सांगितलं, बाळंतपण होईस्तोवर येऊ नका. आणि प्राची? ती आतून काही बोलली नाही. पोर घाबरलेली होती.

वंदनाने मला फोन केला. रडत नव्हती. खूप विचार करून ठरवलेलं असावं, तशी बोलत होती. "ताई, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. भांडायचं नाही. फक्त सांगा, मी पण भरली होती, आणि हा बघा माझा नातू. तुम्ही स्वतः केलंय, तुमचं ऐकतील त्या."

गिरगावातून परळ ते केवढं? टॅक्सीत बसायचं आणि उतरायचं. मी म्हटलं, उद्या सांगते.

तुम्हाला वाटेल मी पकडली जाईन म्हणून भ्याले. तसं असतं तर बरं झालं असतं. त्या घरात मला कोण ओळखणार होतं? उलट मला चेवच आला होता. म्हटलं, जाऊ. खोटं तर खोटं, ठोकून बोलू. त्या बाईला गप्प करू. एवढी वर्षं जीभ परजली ती कशासाठी? खरं वंदनाला सांगावं, हा विचार आला का? आला. पण त्यापेक्षा जाणं सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत दही आणायला खाली गेला. मी साडी काढली, कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले, आणि म्हटलं, एकदा म्हणून बघू. मोठ्याने. म्हटलं — माझे मिस्टर —

पुढे जाईना. जीभ टाळ्याला चिकटली. पुन्हा म्हटलं, माझे मिस्टर. अंगठ्याने टाइप करताना शंभर वेळा मारला होता मी त्याला, आणि आता तोंडाने पुढचा एक शब्द निघेना. हात कुठे गेला होता माहीत आहे? मंगळसूत्रावर. मुठीत घट्ट धरलं होतं. आणि मनात एकच — वास्तू तथास्तु म्हणते. बोललं आणि खरं झालं तर? दह्याची पिशवी घेऊन जिन्यातच कोसळला तर?

मी! वडाला कधी दोरा न गुंडाळलेली मी. हळदीकुंकवाच्या बायकांची टर उडवणारी मी. दुसरीला 'लाव टिकली, भर ओटी, कुणाची टाप आहे' म्हणणारी मी. स्वतःच्या कुंकवाची वेळ आली तेव्हा प्राचीच्या सासूत आणि माझ्यात तसूभर फरक नव्हता. ती निदान तोंडावर बोलून दाखवत होती.

जिन्यात त्याच्या चपला वाजल्या. मी घाईघाईने फोन घेतला आणि वंदनाला लिहिलं: 'मला यायला जमणार नाही. केतकीकडे आलेय, बाळाला बरं नाही.'

बघितलंत मी काय केलं? मला नव्हतं कळलं. शपथ घेऊन सांगते, लिहिताना नव्हतं कळलं. सुचलं ते कारण दिलं, रजेच्या अर्जात देतात तसं. नवऱ्यासाठी जीभ अडली. नातवासाठी बोटं अडली नाहीत.

तिचं उत्तर लगेच आलं. 'बाळाला? काय झालं? ताई, म्हणजे त्या म्हणतात ते खरंच असेल का हो?'

अजून वेळ होती. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, मी घेतलंय. एक ओळ लिहायची होती. 'अगं खोटं बोलले, बाळ ठणठणीत आहे.' किंवा सगळंच — नवरा जिवंत आहे, मी तुला फसवलं, पण प्राचीच्या दुखण्याचा तुझ्या हाताशी काही संबंध नाही. शिव्या दिल्या असत्या तिने. द्यायलाच हव्या होत्या. पण तिच्या मनातली ती शंका तरी गेली असती.

मी फोन उलटा ठेवला आणि दह्याला आंबूस वास येतो का ते बघायला गेले.

तिचे फोन आले, मी घेतले नाहीत. मग एक शेवटचं रेकॉर्डिंग आलं, शांत आवाजातलं. म्हणाली, ताई, तुमच्या बाळाला बरं वाटू दे. मी प्राचीला कळवलंय की आता मीच येत नाही. त्यांनी बोलवलं तरी नाही येणार. पोर सुखरूप मोकळी होऊ दे, मला बाकी काही नको. टिकलीही काढून ठेवलीय.

त्यालाही मी उत्तर दिलं नाही. कानकोंडी झाले होते म्हणू का? तो शब्द फार सौम्य आहे. मी भित्री निघाले. वाडीतल्या कुणालाही विचारा, म्हणतील ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही. असंच म्हणत राहतील. मी काही दुरुस्ती करायला जाणार नाही. तुम्हाला कळलं तेवढं बस.

ग्रुप मी सोडला नाही. शिकलेलं विसरले नाही, नवीन आलेल्यांना आता मीच लाल गोल करून पाठवते. वंदनाही होती ग्रुपात, पण गप्प असायची. महिने गेले. आणि मग एक दिवस तिने तिथे एक फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, नातीचं बारसं.

फुलांनी सजवलेला पाळणा, पाळण्याशी प्राची, शेजारी तिची सासू, चारपाच बायका दोऱ्या धरून. आणि त्यांच्यामध्ये वंदना, पाळण्यावर हात ठेवून, हसत. ग्रुप खूश. अभिनंदन, गोड आहे हो परी, आजी काय छान दिसतायत. मीही मोठा करून बघितला. नात सुखरूप, आणि आजीला बोलावलं — माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच उतरला, दोन मिनिटं.

मग दिसलं. सगळ्या बायकांच्या चेहऱ्यावर उजेड उजवीकडून, खिडकीचा. वंदनाच्या गालावर डावीकडून. सगळ्यांच्या सावल्या एका बाजूला, तिची एकटीची दुसऱ्या. काम सफाईचं होतं, कडा कुठे दिसत नव्हत्या. ग्रुपातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. ती तिथे नव्हती. कुणीतरी पाठवलेल्या फोटोत तिने स्वतःला आणून बसवलं होतं.

मी किती वेळ बघत बसले सांगता येत नाही. मग तिला वेगळा मेसेज केला. इतक्या महिन्यांनी. माफी नव्हती त्यात, खरं नव्हतं, तू कशी आहेस नव्हतं. एवढंच लिहिलं: 'वंदना, तुझी सावली उलटी पडलीय. उजेड उजवीकडून घे.'

तिने वाचलेलं दिसलं. ग्रुपातला फोटो तिने काढून टाकला. संध्याकाळी मला नवा पाठवला. सावली फिरवलेली, गालावरचा उजेड बदललेला, साडीच्या काठावर खिडकीची चमकसुद्धा आणलेली. खाली विचारलं होतं, "आता मी तिथेच होते असं वाटतं ना, ताई?"

मी लिहिलं, हो.